पहिल्या खोलीतली आत्या

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते काउंटरवर ठेवलं, तुझ्या बापाने उलटंसुलटं करून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला की घ्या, लेखिकाबाईंचा हुकूम आलाय. पण फोडलं नाही. दादाचं एवढं मात्र खरं, दुसऱ्याचं पाकीट तो फोडत नाही. फोनचं तसं नाही. लाँड्रीतला फोन काउंटरलाच चिकटलेला. तो माझ्या कानाला असला की वहिनीचा कान माझ्या खांद्याला असतो. म्हणून पत्रच बरं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले हे तुला माहीत आहे. माझी अक्षरं दोरीवरच्या मोज्यांसारखी लोंबतात. लावून वाच.

तुझा टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा अजून आहे का विचारलंस. आहे. तू घर सोडून गेल्यापासून मी तुझ्याच मागच्या खोलीत झोपते, मग तो जाणार कुठे? टीव्हीही आहे, वरून एक कोपरा पिवळा पडलाय. तू म्हणतेस की तू स्वतःच्या हिमतीवर एक छोटं पत्रक काढतेस, स्वतःच टाइप करतेस, स्वतःच पिना मारतेस, आणि त्यात लोक आपण खेळलेल्या खेळाबद्दल लिहितात. खेळाबद्दल लिहायचं काय असतं गं? जिंकलो नाहीतर हरलो. दोन ओळीत संपलं. त्यावर तू म्हणतेस की आत्या, तू कधीच खेळली नाहीस म्हणून तूच लिही. हे म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला विहिरीबद्दल विचारण्यासारखं झालं.

तरी लावला. तू सांगितलास तोच, बर्फातला. एक टोपीवाला माणूस आहे. लाकडाच्या खोलीत उठतो. शेगडी, लाकडांचा ढीग, किटली, पलंग, एक खिडकी. बटणांची मला भीती नाही. वाफेची इस्त्री इतकी वर्षं याच अंगठ्याने चालवली. टिचकी मारायची आणि सोडायचं. धरून ठेवलंस तर पाणी ओकते आणि रेशमावर डाग पडतो. अंगठ्याला ते मुरलंय. शेगडीत लाकडं घातली, किटली ठेवली, टोपीवाल्याला पलंगावर बसवलं. झालं. अजून काय लिहू?

इथली बातमी एकच. वसतिगृहाच्या चादरी आपल्याकडे येतात ना, तिथल्या मोठ्या बाईंनी मला विचारलं. त्यांना कपड्यांच्या कोठारावर बाई हवी आहे. चादरी मोजायच्या, फाटकं शिवायचं, राहायला स्वतंत्र खोली. मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या. मी दादाला अजून बोलले नाही. आमचे हे गेल्यावर दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते इथे, तुझे तेव्हा दुधाचे दात पडत होते. आता बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

जेवणं वेळेवर कर. तुझ्यावर जीव आहे तो तसाच आहे असं समज.

तुझी आत्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. मोज्यांवर ती इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

तू विचारतेस की लिहायचं काय. तेच तर! दिवसा मी ज्या साहेबाकडे काम करते, तिथे खेळांना चांदण्या द्यायच्या असतात. पाचपैकी किती. खेळ अजून संपलेलाही नसतो आणि चांदण्या ठरलेल्या असतात, कारण ज्या कंपनीचा खेळ त्याच कंपनीची जाहिरात शेजारी लागते. मी कुठे चुकून ‘मला’ असं लिहिलं की साहेब लाल रेघ मारतात. म्हणतात, तुला काय वाटलं याच्याशी वाचकाला काय देणंघेणं? त्या कामावर माझं भाडं निघतं म्हणून मी मान हलवते आणि ‘मला’ खोडते. पत्रकात मात्र चांदण्या नाहीत. तिथे फक्त ‘मला’. एका दाताच्या डॉक्टरने लिहिलंय की तो गाड्यांच्या शर्यतीत मुद्दाम शेवटून पहिला येतो, कारण मग रस्ता रिकामा मिळतो. मला असंच हवंय. खेळ कसा आहे ते नको, त्यात असताना तुला काय झालं ते सांग.

तेव्हा घाई करू नकोस. त्या खोलीतच राहा. खिडकीतून काय दिसतं, शेगडीचा आवाज कसा येतो, टोपीवाला काय करतो, सगळं लिही. पुढे जायची काय घाई आहे?

आणि वसतिगृहाचं काय विचारायचंय? जा! बाबांना सांग आणि जा. आईचा आवाज वर चढेल आणि उतरेल. मी निघाले तेव्हाही चढला होता.

तुझ्या मायेच्या घडीत मला अशीच ठेव.

तुझी भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सांगणं सोपं असतं बाई. तू निघालीस तेव्हा तुझ्या पाठीवर एक पिशवी होती. माझ्या पाठीवर अख्खी लाँड्री आहे.

दादाला विचारलं. संध्याकाळी शटर ओढताना विचारलं, म्हणजे मान वर करायला नको. तो म्हणाला की बघू पुढच्या महिन्यात, लग्नाचे कपडे येऊन पडलेत, तू गेलीस तर खळ कोण घालणार, दुकान बंद पडेल. मग म्हणाला, तुला इथे काय कमी आहे, आणि एवढी घाई काय आहे? मी बरं म्हटलं. तो वाईट नाही गं. मला कधी टाकून बोलला नाही, ताटात कधी कमी वाढलं नाही. वाईट असता तर केव्हाच निघाले असते.

आता तुझं ते लिहिते. रोज इस्त्र्या थंडावल्या की लावते.

खोली छान आहे. आधी मला वाटलं की हे काय, नुसतं बसायचं? पण काम पुष्कळ आहे. शेगडी सारखी बघावी लागते. लाकूड घातलं की ज्वाला उंच होते, मग हळूहळू बसते. ती विझली तर टोपीवाला गारठणार हे उघड आहे, म्हणून मी विझू देत नाही. लाकडांचा ढीग कमी होत नाही, ते बरं आहे, आपल्याकडेही मळक्या कपड्यांचा होत नाही. किटलीतून वाफ येते तेव्हा खिडकीवर धुकं बसतं आणि टोपीवाला बाहीने पुसतो. बाही पुसायला वापरणाऱ्या माणसाचा कफ मी डोळे मिटून ओळखते.

खिडकीतून बर्फ दिसतो. लांब काळं काहीतरी आहे, झाड असेल नाहीतर कुंपण. मी त्याच्याकडे बघत बसते. कधीकधी तिथे काही हललं असं वाटतं.

दार आहे. मी त्याच्यापाशी नेलं टोपीवाल्याला, बटण दाबलं. दार हललं, पांढऱ्या परक्या अक्षरात एक ओळ उमटली आणि गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रोज एकदा बघते. बाहेर वादळ असेल, म्हणून लागलेलं असेल. मला त्याचं काही वाटत नाही. ज्याने खेळ बनवला त्याला ठाऊक होतं की काही माणसांची गोष्ट एका खोलीतच असते. त्याने ती नीट केली आहे, उगाच डोंगर-दऱ्या घातल्या नाहीत. फक्त एक गोष्ट मला आवडली नाही. दाराशेजारी खुंटीला कोट टांगलाय. जायचंच नाही तर कोट कशाला ठेवला? डोळ्यासमोरून हलत नाही तो.

असं चालेल का तुला? नसेल तर शेगडी पेटवायला वापर.

आमची आठवण तुझ्या कामातून निसटू देऊ नकोस.

तुझी आत्या


६ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चालेल का विचारतेस? मी तुझं पत्र, घरचं तेवढं वगळून, एक शब्दही न बदलता छापलं. सोबत अंक पाठवते. तुझं नाव घातलं नाही, नुसतं ‘एक आत्या’ असं लिहिलंय. पत्रक निघाल्यापासून इतकी पत्रं कधीच आली नव्हती. लोक म्हणतात की त्यांनी हा खेळ चार-चारदा खेळला पण तो कोट कुणी पाहिला नव्हता. सगळा गठ्ठा पाकिटात घातलाय. कामाच्या गडबडीत मी निम्मी पत्रं वाचलीच नाहीत, पण ती तुझी आहेत, म्हणून तुलाच पाठवते. तुला वेळ लागला तरी सावकाश वाच.

साहेबांच्याही हाती अंक लागला. आज ते मला पहिल्यांदाच पत्रकावरच्या माझ्या टोपणनावाने हाक मारून बोलले.

पुढचं पत्र लवकर लिही. त्या खोलीतलंच. शेगडीचं आणखी हवंय.

आणि वसतिगृहाचं काय झालं? मार्च चालू झाला.

लोभाची ऊब अशीच राहू दे.

तुझी भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद नंतर.

पत्रं वाचली. अक्षराखाली बोट ठेवून एकेक वाचलं. पहिली गोड होती. एकाने मला आजी म्हटलंय, त्याच्या डोळ्याला चष्मा लागो. मग एका बसच्या ड्रायव्हरचं निघालं. चांगला माणूस दिसतो, अक्षरही माझ्याइतकंच वाईट. त्याने लिहिलंय की ताई, तुमचं दोनदा वाचलं, पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, ते दार उघडतं. खोली म्हणजे नुसती सुरुवात आहे. चहा उकळेपर्यंत लोक तिथून बाहेर पडतात. पुढे डोंगर आहे, गाव आहे, समुद्र आहे, टोपीवाला कुणाची तरी चिठ्ठी पोचवायला निघालेला असतो आणि खरा खेळ तोच आहे.

मी ते पुन्हा वाचलं. मग तुझी मागची दोन्ही पत्रं काढून वाचली.

तुला माहीत होतं. माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच कळलं तुला. टोपीवाला पलंगावर बसून आहे, बाई शेगडी फुंकतेय, तिला वाटतंय हेच सगळं. आणि तू लिहिलंस की त्या खोलीतच राहा. पुढे जायची काय घाई आहे. हेच्या हेच शब्द मी शटरपाशी ऐकले होते. बापाशी पटत नाही म्हणून घर सोडलंस ना? शेवटी बापावरच गेलीस. त्याला खळ घालायला बाई हवी होती, तुला पत्रक भरायला.

तुम्ही सगळे बाहेर बर्फात उभं राहून खिडकीतून मला बघत होता. काय छान शेगडी सांभाळते म्हणून. लांबचं काळं काहीतरी हलतं असं वाटायचं मला, ते तुम्हीच होता.

चार दिवस डबा लावला नाही. अंक वहिनीच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली घातलाय.

आत्या


१९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला लगेच कळलं होतं. मी म्हटलं, अजून एक पत्र येऊ दे, मग सांगते. मग ते दुसरं पत्र इतकं चांगलं होतं की मी म्हटलं, छापून होऊ दे. मग म्हटलं, आता सांगितलं तर तिसरं येणार नाही. साहेब माझं ‘मला’ खोडतात म्हणून मी रडते, आणि मी तुझं दारच खोडलं.

साहेबांना तुझं पत्र त्यांच्याकडे घ्यायचं होतं. वर मथळा देणार होते, ‘जिला खेळच कळला नाही’. तुझा फोटो मागत होते. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितला, पुन्हा नाही म्हटलं. तेव्हापासून मला काम आलेलं नाही. हे तुझी समजूत काढायला लिहीत नाही, तुझ्या मागे काय झालं ते तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहिते.

आता दाराचं. तू बटण दाबून सोडतेस, इस्त्रीचं सोडतेस तसं. तसं नाही. दाबून धरायचं. ती पांढरी ओळ तेच सांगते. दार हलेल, वाऱ्याचा आवाज वाढेल, असं वाटेल की काही बिघडतंय. तरी सोडायचं नाही.

यातलं काहीही छापणार नाही. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल. फक्त दार उघड.

माया उरली असेल तेवढी असू दे, जास्त मागायला मला तोंड नाही.

तुझी भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ. (मागचे राहिलेलेही यातच घे.)

आधी रडणं थांबव. काम गेलं तर दुसरं बघ. चांदण्या वाटायला काय, कुणीही ठेवेल. आणि फोटो दिला नाहीस ते बरं केलंस, माझा एकच फोटो आहे आणि त्यात मी शिंकतेय.

मी हे मागच्या खोलीतूनच लिहिते आहे, पण बोचकं बांधून झालंय. उद्या सकाळी वसतिगृहाची गाडी चादरी न्यायला येते, तिच्यातच बसून जाणार आहे. सांगते कसं झालं ते.

दादाला पुन्हा विचारलं. या वेळी शटरपाशी नाही, भर दुपारी, काउंटरसमोर उभं राहून. तो म्हणाला की बघू पुढच्या महिन्यात. इथे मी दरवेळी बरं म्हणते आणि आत जाते. या वेळी म्हटलं नाही आणि गेलेही नाही. तिथेच उभी. तो म्हणाला की इस्त्री तापलीय. मी म्हटलं की तापू दे. तो म्हणाला की गिऱ्हाइकं खोळंबलीत. गिऱ्हाइकं खरंच खोळंबली होती, एकाच्या हातात सुटाची पँट होती आणि तो एकदा माझ्याकडे, एकदा दादाकडे बघत होता. वहिनीने आवाज चढवला. तू म्हणालीस तसा तो चढला, पण उतरायला बराच वेळ लागला. असं वाटलं की काहीतरी बिघडतंय, आता सोडावं. नाही सोडलं. दादा म्हणाला की तू गेलीस तर दुकान बंद पडेल, म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर ढकलून झाली. मी काउंटरसमोरून हलले नाही. शेवटी त्याने पावत्यांचं पुस्तक मिटलं आणि खाली बघतच विचारलं की कोट आहे का तुझ्याकडे, त्या बाजूला गारठा असतो. मी नाही म्हटलं. रात्री त्याने स्वतःचा आणून माझ्या बोचक्यावर ठेवला. इस्त्री केलेला होता. त्याने केली होती, बाहीवर दोन घड्या पडल्यात. राहू दिल्या.

आता खेळाचं, कारण तुझं पत्रक खेळाबद्दल आहे आणि हे तू छापायचंस. विचारत नाहीये, सांगतेय. त्या ड्रायव्हरला एक अंक पाठव.

दादाशी बोलायच्या आदल्या रात्री डबा लावला. टोपीवाल्याला दारापाशी नेलं, बटण दाबलं आणि धरलं. अंगठा सुटायला बघत होता, त्याची सवयच तशी. मी दुसरा अंगठा त्याच्यावर ठेवला. दार हललं, ती ओळ आली, वारा ओरडायला लागला, आणि दार उघडलं. टोपीवाल्याने खुंटीवरचा कोट आपणहून घातला. मला काहीच करावं लागलं नाही.

बाहेर बर्फ. बाकी काही नाही, पाऊलवाट आहे. लांबचं काळं ते कुंपणच होतं. डोंगर असतील पुढे, मी अजून गेले नाही. मी मागे वळून पाहिलं. खोली केवढीशी दिसते गं बाहेरून! खिडकी उजळलेली, आत शेगडी. मला वाटलं की आता ती बसेल, आता विझेल, लाकडं घालायला आत कुणीच नाही. परत जाऊन दोन लाकडं घालावी असं फार वाटलं. गेले नाही. कुंपणाला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले, विझते का ते. बर्फ टोपीवर साचला, खांद्यांवर साचला. शेगडी तशीच जळत होती. मी नसतानाही. इतके दिवस फुंकत बसले ते कुणासाठी कोण जाणे.

मग मी पाठ फिरवली.

नवा पत्ता खाली लिहिते. आपल्या दोघींचा लोभही असाच समज, रोज लाकडं घातली नाहीत तरी विझायचा नाही.

तुझी आत्या